रोजची गाडी, अधूनमधून ट्रॅक: फ्लायव्हील किती हलकं घ्यावं आणि क्लच कुठला?

चौथागिअर

मंडळी, क्लच बदलायची वेळ आलीये आणि गिअरबॉक्स एकदा खाली उतरवायचाच आहे तर फ्लायव्हीलही (इंजिनच्या क्रँकला जोडलेली जड चकती, जिच्यावर क्लच बसतो) बदलून टाकावं का, यावर गाडी अडलीये. २ लिटर टर्बो पेट्रोल, चार सिलिंडर, रिअर व्हील ड्राइव्ह, वजन साधारण १३५० किलो. आधी टॉर्क २५० एनएम होता, रिमॅपनंतर (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवल्यावर) ३५० च्या आसपास आहे. आता पाचव्या गिअरमध्ये २५०० आरपीएमला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की काटा वर पळतो आणि स्पीड आहे तेवढाच राहतो, पहिल्या दुसऱ्या गिअरमध्ये मात्र काहीच जाणवत नाही.

वापर म्हणाल तर रोज ऑफिसला जाणं-येणं, भरपूर ट्रॅफिक, चढावर थांबून निघणं, आणि अधूनमधून ट्रॅक डे. ड्रॅग करत नाही, लाँच (उभ्या गाडीवरून इंजिन पळवून झटक्यात सुटणं) मारत नाही. घरातले इतरही गाडी चालवतात त्यामुळे पेडल दगडासारखं झालेलं चालणार नाही.

कंपनीचं फ्लायव्हील ड्युअल मास (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा) आहे, ११.५ किलोचं. एकतर तसंच नवीन ड्युअल मास टाकून वर जरा ताकदीची प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) घ्यायची, किंवा ६ किलोचं स्टीलचं सिंगल मास (एकसंध) घेऊन त्याबरोबर स्प्रिंगवाली ऑरगॅनिक प्लेट, किंवा मग थेट ४ किलोचं अ‍ॅल्युमिनियम आणि सहा बटणांची सिरॅमिक प्लेट. ट्रॅकवाले मित्र तिसरं घे म्हणतात, मेकॅनिक पहिलं म्हणतोय. हलक्या फ्लायव्हीलने ट्रॅकवर खरंच फरक पडतो का आणि ट्रॅकसाठी सिरॅमिक लागतोच का, एवढं कुणीतरी नीट समजावून सांगा.

रेव्हमॅच

भाऊ, आधी फ्लायव्हीलचं बघू, कारण त्याच्याबद्दल हवेतल्या गप्पा जास्त चालतात.

फ्लायव्हील हलकं केल्याने इंजिनची पॉवर वाढत नाही. इंजिनला स्वतःचाच वेग वाढवायला जी ताकद खर्च करावी लागते ती कमी होते, म्हणजे हिशोब फक्त वेग बदलत असताना लागू होतो. आणि गिअर जितका खालचा तितका फायदा मोठा, कारण इंजिनच्या जडत्वाचा गाडीच्या वजनावर होणारा परिणाम एकूण गिअर रेशोच्या वर्गाने वाढतो. तुझ्या गाडीसारखे आकडे धरून बघ: फायनल ड्राइव्ह ४, टायरची त्रिज्या ३१ सेंटिमीटर, आणि जडत्वात फरक ०.०५ किलो मीटर वर्ग (११.५ वरून ६ किलोवर आलं की साधारण एवढा पडतो). पहिला गिअर ३.५ चा असेल तर गाडी १०० किलोने हलकी झाल्यासारखी वाटेल. दुसऱ्यात, २.१ धरला तर, ३७ किलो. तिसऱ्यात १६ किलो. चौथ्यात ८. आता ट्रॅकवर तू कुठल्या गिअरमध्ये असतोस? तिसरा आणि चौथा. म्हणजे लॅप टाइमसाठी हे सगळं पेट्रोल थोडं कमी भरून जाण्याइतकंच आहे.

मग लोक घेतात कशाला तर रेव्ह (इंजिनचा वेग) चटकन वर जातात आणि चटकन खाली येतात म्हणून. ब्रेकिंग झोनमध्ये हील-टो (एकाच पायाने ब्रेक आणि रेस दोन्ही सांभाळणं) करताना जरासा अ‍ॅक्सिलरेटर दिला की रेव्ह जुळतात, आणि ते एकदा अंगवळणी पडलं की जड फ्लायव्हीलची गाडी झोपाळू वाटायला लागते. हे सुख खरं आहे, मला स्वतःला त्यासाठीच हलकं फ्लायव्हील आवडतं. फक्त एक तपासून घे, काही गाड्यांत क्लच दाबल्यावरही ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थ्रॉटल थोडा वेळ उघडा ठेवतो (प्रदूषणाचे नियम पाळायला), रेव्ह वरच लटकून राहतात. तसं असेल तर फ्लायव्हील हलकं करूनही रेव्ह खाली यायचा वेग फारसा सुधारत नाही, आधी ट्यूनमध्ये ते काढावं लागतं.

आणि वजनाच्या आकड्यावर भुलू नकोस. वजन कडेला आहे की मध्याला यावर सगळं आहे, कडेचा एक किलो काढला तर जो फरक पडतो तो मध्यातला एक किलो काढून अजिबात पडत नाही. दोन फ्लायव्हील दोन्ही ६ किलोची असून वागायला वेगळी असू शकतात. बनवणारा जडत्वाचा आकडा देत असेल तर तो बघ, नसेल तर निदान फोटोत कडेचं किती मटेरियल काढलंय ते बघ.

नटबोल्ट

रेव्हमॅचचा हिशोब बरोबर आहे, पण तुमचं फ्लायव्हील ड्युअल मास आहे हे यात विसरून चालणार नाही. ड्युअल मास म्हणजे नुसतं जड फ्लायव्हील नव्हे, ते दोन भागांचं असतं आणि मध्ये लांब वाकड्या स्प्रिंगा असतात. चार सिलिंडर इंजिन प्रत्येक फेऱ्यात दोन धक्के मारतं, ते धक्के या स्प्रिंगा खातात आणि गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाहीत. म्हणूनच ड्युअल मासबरोबरच्या बऱ्याच क्लच प्लेटांच्या हबमध्ये स्प्रिंगा नसतातच, ते काम फ्लायव्हील करतं.

सिंगल मास टाकलं की हे सगळं गेलं. न्यूट्रलला, क्लचवरचा पाय काढलेला, इंजिन गरम, अशा वेळी गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येईल, डब्यात खडे हलवल्यासारखी. क्लच दाबला की गायब. जे गिअर त्या वेळी लोड घेत नाहीत ते आपापल्या जागी मागेपुढे आपटतात, त्याचा तो आवाज. बहुतेक गिअरबॉक्सना त्याने काही होत नाही, पण दिवसभर ऐकायची तयारी हवी. फ्लायव्हील जितकं हलकं तितका आवाज जास्त, कारण दोन धक्क्यांच्या मध्ये इंजिनचा वेग जास्त वरखाली होतो. गिअर ऑइल थोडं घट्ट टाकलं तर आवाज कमी होतो, पण मग सकाळी थंड गाडीत दुसरा गिअर कुरकुरतो.

त्यामुळे सिंगल मास घेणार असाल तर क्लच प्लेट स्प्रिंगवाल्या हबचीच घ्या, यावर तडजोड नाही. ड्युअल मासची जुनी कडक हबवाली प्लेट सिंगल मासला लावून पैसे वाचवायचे प्रकार होतात, त्यात इनपुट शाफ्टचे (क्लचकडून गिअरबॉक्सात जाणाऱ्या दांड्याचे) स्प्लाइन, म्हणजे त्याच्यावरच्या खाचा, आणि गिअर मार खातात.

तुमचा मेकॅनिक पहिला पर्याय सांगतोय त्यातही तथ्य आहे. गाडी शांत राहील. पण त्या स्प्रिंगा कंपनीने २५० एनएम धरून बसवल्या आहेत. ३५० एनएमला, त्यातही १५००-२००० आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पूर्ण बूस्ट (टर्बोचा दाब) दिला तर त्या टोकापर्यंत दाबल्या जातात आणि मग धातूवर धातू. ड्युअल मास ठेवायचंच असेल तर ट्यूनरला सांगून खालच्या आरपीएमचा टॉर्क कमी करून घ्या. आणि गिअरबॉक्स उतरवल्यावर सध्याचं फ्लायव्हील हाताने फिरवून बघा, दुय्यम भाग किती मोकळा फिरतो आणि किती डुलतो याच्या मर्यादा बनवणाऱ्याने दिलेल्या असतात. त्यात बसत असेल तर ते अजून जिवंत आहे.

लालरेषा

मी तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने बोलतो. ऑरगॅनिक प्लेट तापली की पकड सोडते, जळका वास येतो आणि त्यानंतर पहिल्यासारखी होत नाही. ट्रॅकवर गाडी तापतेच, मग सिरॅमिकच बरा नाही का? माझ्या गाडीत सहा बटणांची प्लेट आहे, कितीही मारा, स्लिपचं नाव नाही. अ‍ॅल्युमिनियमही चांगलं, रेव्ह असे पळतात की बास. चढावर निघताना थोडी उडी मारते गाडी, सवयीने जमतं.

रेव्हमॅच

दादा, सिरॅमिक उष्णता जास्त झेलतो हे शंभर टक्के मान्य. पण क्लच तापतो कधी? फक्त घसरतो तेव्हा. पूर्ण बसलेला क्लच ७००० आरपीएमला फिरत असला तरी स्वतः उष्णता तयार करत नाही. सर्किटवर अख्ख्या लॅपमध्ये क्लच घसरतो तो गिअर बदलतानाचा क्षणभर, आणि रेव्ह जुळवून खाली आलास तर तेवढाही नाही. क्लचला खरं तापवतं ते उभ्याने निघणं. म्हणजे ड्रॅगचं लाँच, नाहीतर ट्रॅफिक.

हिशोबच करतो. इंजिन एका आरपीएमला धरून गाडी शून्यावरून निघाली तर क्लच पूर्ण बसेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते साधारण तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. १३५० किलोची गाडी पहिल्या गिअरमध्ये २४०० आरपीएमला, म्हणजे ताशी २० किमीला, क्लच बसवला तर २१ किलोज्यूल. ४८०० आरपीएमला तेच ८३ किलोज्यूल. आरपीएम दुप्पट, उष्णता चौपट. चौथागिअर लाँच मारत नाही म्हणतोय, मग त्याच्या क्लचचा शत्रू ट्रॅक नाहीच, ट्रॅफिकमधला हाफ क्लच आहे. आणि हाफ क्लचवर गाडी सरकवण्यात सिरॅमिक सगळ्यात वाईट, तो एकतर पकडतो नाहीतर सोडतो, मधलं काही देत नाही. ऑरगॅनिक प्लेटमध्ये दोन अस्तरांच्या मध्ये लाटेसारखा पातळ पत्रा असतो, तो दबत दबत पकड वाढवतो म्हणून गाडी गुळगुळीत निघते. बटणवाल्या बऱ्याच प्लेटांत तो नसतो किंवा अगदी कडक असतो. तू ज्याला उडी म्हणतोस ती तिथून येते.

आता किती ताकदीचा क्लच लागतो ते. क्लचची क्षमता म्हणजे घासणाऱ्या बाजू गुणिले घर्षणाचा गुणांक गुणिले प्रेशर प्लेटचा दाब गुणिले सरासरी त्रिज्या. सिंगल प्लेटला बाजू २. प्लेट २२८ मिमीची, आतला व्यास १५० चा, म्हणजे सरासरी त्रिज्या साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास. ऑरगॅनिकचा गुणांक ०.३ धर, दाब ५५०० न्यूटन, तर ३१० एनएम. २५० ला पुरेसा होता, ३५० ला घसरणारच, यात क्लच खराब झालाय असंही नाही. वरच्या गिअरमध्येच घसरतो कारण तिथे इंजिनला पूर्ण टॉर्क तयार करायला वेळ मिळतो, बूस्ट पूर्ण येतो, आणि पहिल्या गिअरसारखा टॉर्कचा मोठा भाग इंजिनच्या स्वतःच्या जडत्वात खर्च होत नाही, सगळा क्लचवर येतो.

३५० वर पंचवीस-तीस टक्के जागा ठेव, म्हणजे ४५० एनएम. त्याच ऑरगॅनिक प्लेटवर हवं असेल तर दाब ८००० न्यूटन लागतो. पेडल जड होईल, किती ते प्रेशर प्लेटच्या डायफ्रामच्या (दाब देणाऱ्या चकतीसारख्या स्प्रिंगच्या) लिव्हर रेशोवर आहे. दुसरी वाट म्हणजे मधलं मटेरियल, एका बाजूला ऑरगॅनिक आणि दुसऱ्या बाजूला सिरॅमिकचे तुकडे अशा मिश्र प्लेटा मिळतात, सरासरी गुणांक जरा वाढतो आणि दाब तेवढा वाढवावा लागत नाही. व्यास वाढवून फार मिळत नाही, २२८ वरून २४० वर गेलास तरी चार-पाच टक्के. ट्विन प्लेट घेतली तर बाजू ४ होतात, दाब कमी ठेवून पेडल हलकं राहतं, पण ३५० एनएमच्या गाडीला तो खर्च आणि ती खटपट मला पटत नाही.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल एक गोष्ट उलटी सांगितली जाते. ते उष्णता साठवत नाही असं म्हणतात, पण किलोमागे अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट उष्णता सामावतं. ४ किलोचं अ‍ॅल्युमिनियम या बाबतीत ६ किलोच्या स्टीलच्या मागे नाही. अडचण वेगळीच आहे. अ‍ॅल्युमिनियमवर क्लच थेट घासू शकत नाही म्हणून वर स्टीलची पातळ चकती बोल्टने बसवलेली असते. ती चकती आधी तापते आणि खालच्या अ‍ॅल्युमिनियमला तापमान जाईपर्यंत वेळ लागतो, शिवाय अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ट्रॅफिकमध्ये वारंवार तापवलं की चकती वाकडी होते, निळे डाग पडतात, निघताना गाडी थरथरते. चकती बदलता येते हे खरं, पण त्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा खाली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, ६ किलोचं स्टील, स्प्रिंगवाली ऑरगॅनिक किंवा मिश्र प्लेट, ४५० एनएमची प्रेशर प्लेट.

लालरेषा

ट्रॅफिकवाला मुद्दा पटला. माझी गाडी फक्त ट्रॅकची आहे, रोज चालवत नाही, त्यामुळे माझं गणित वेगळं. पण मग केव्हलार प्लेट का नको? ती तर ऑरगॅनिकसारखीच मऊ पकडते म्हणतात.

नटबोल्ट

केव्हलार टिकाऊ आहे, फ्लायव्हीललाही कमी खाते. पण बसायला खूप वेळ घेते आणि बसायच्या आधी एकदा जरी तापवली तर तिच्यावर काचेसारखा थर येतो आणि पकड जाते. ज्याचा क्लच टॉर्कला कमी पडतोय आणि ट्रॅक डे तोंडावर आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

वळणावळणाची

चौथागिअर, मी रेव्हमॅचशी सहमत आहे, माझ्या गाडीत हेच कॉम्बिनेशन आहे आणि रोज चालते. पण पार्ट निवडण्याइतकंच बसवणं महत्त्वाचं आहे आणि त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

सिंगल मास फ्लायव्हीलची जाडी आणि नवीन प्रेशर प्लेटच्या बोटांची उंची मिळून रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर त्या बोटांना ढकलणारं) जिथे टेकतं ती जागा बदलू शकते. गिअरबॉक्स लावण्याआधी मोजून घ्यायला सांगा. बेअरिंग कायम दाबलेलं राहिलं तर क्लच पूर्ण बसणार नाही आणि पुन्हा घसरेल, मग सगळे प्लेटला दोष देत बसतील. उलट बाजूने, पेडल शेवटपर्यंत दाबल्यावर डायफ्राम गरजेपेक्षा जास्त ढकलला जात असेल तर पेडलखाली स्टॉपर लावून घ्या.

तुमच्या इंजिनचा क्रँक सेन्सर कुठून वाचतो ते बघा. काही इंजिनांत त्याचे दात फ्लायव्हीलवरच असतात, नवीन फ्लायव्हीलवर तेच दात त्याच जागी नसतील तर गाडी सुरूच होणार नाही. स्टार्टरच्या रिंगचे दातही मोजा. आणि हलक्या फ्लायव्हीलवर इंजिनचा वेग आयडलला जास्त डळमळतो, त्यावरून ईसीयू मिसफायर झाला असं समजून चेक इंजिनचा दिवा लावू शकतो. एसी चालू केल्यावर रेव्ह खाली जाऊन गाडी बंद पडायचा प्रकारही होतो. ट्यूनरकडून आयडल थोडं वर, ९०० ते १००० च्या दरम्यान करून घेतलं की दोन्ही बऱ्यापैकी आटोक्यात येतं.

गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्रँकचा मागचा ऑइल सील, पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग नवीन टाका. सील गळून प्लेटवर ऑइल आलं तर कितीही महागाची प्लेट असो, फेकून द्यावी लागते. फ्लायव्हील डब्यातून काढल्यावर त्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसायला लावा. स्प्लाइनला ग्रीस अगदी नावापुरतं. बसवल्यावर डायल गेज लावून फ्लायव्हीलचा डोल तपासा, बहुतेक मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.१ ते ०.२ मिमीच्या आसपास असते.

मग ५०० ते ८०० किमी क्लच बसवायला द्या, आणि ते किमी शहरातले हवेत. हायवेवर सरळ ८०० किमी पळवून काही होत नाही कारण क्लच तिथे दाबलाच जात नाही. त्यानंतरच ट्रॅक.

आणि पेडल जड झाल्यावर सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय सोडा. प्रेशर प्लेटचा तो वाढलेला जोर सरळ क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. न्यूट्रल करा, पाय काढा. घरातल्यांनाही सांगा.

चौथागिअर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं स्पष्ट कुणी समोर बसूनही सांगितलं नसतं. स्टीलचं ६ किलो आणि मिश्र प्लेट नक्की करतोय. लालरेषा दादा, तुमच्यामुळे उष्णतेचा मुद्दा निघाला, तो मला सगळ्यात उपयोगी पडला. माझा क्रँक सेन्सर पुढच्या बाजूला पुलीपाशी आहे, त्यामुळे ती काळजी नाही.

दोन शंका अजून. हलक्या फ्लायव्हीलने गिअरबॉक्सच्या सिंक्रोंना (गिअर बदलताना वेग जुळवून देणाऱ्या रिंगांना) आराम मिळतो असं वाचलंय, खरं का? आणि ड्युअल मासचे काढलेले बोल्ट सिंगल मासला चालतील का, दिसायला तर ठणठणीत आहेत.

रेव्हमॅच

सिंक्रोचं तसं नाही. क्लच दाबला की फ्लायव्हील सिंक्रोपासून तुटलेलंच असतं, सिंक्रोला वेग बदलावा लागतो तो इनपुट शाफ्ट आणि क्लच प्लेटचा. त्यामुळे शिफ्ट हलकी हवी असेल तर प्लेटचं वजन बघ, फ्लायव्हीलचं नाही. ट्विन प्लेटमध्ये शिफ्ट जड वाटण्याचं एक कारण हेच.

नटबोल्ट

बोल्ट नवीनच. बऱ्याच इंजिनांत हे बोल्ट ताणून घट्ट करायचे असतात, एकदा ताणले की पुन्हा वापरत नाहीत, दिसायला कसेही असोत. आणि लांबीही वेगळी असू शकते कारण सिंगल मासचा मधला भाग ड्युअल मासइतक्या जाडीचा असेलच असं नाही. किटबरोबर आलेलेच वापरा, आणि टॉर्क मारायच्या आधी एकेक बोल्ट हाताने फिरवून डोकं फ्लायव्हीलला टेकतंय ना ते बघा. लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकला तर रेंच टॉर्क दाखवेल आणि फ्लायव्हील मात्र सैलच राहील. क्रँकची भोकं आत ऑइलपर्यंत आरपार असतील तर थ्रेड सीलंट लावा, नाहीतर बोल्टच्या आट्यांतून ऑइल झिरपतं आणि सगळे सीलला दोष देतात. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळा.